लाकडं कुठे ठेवायची?

मातृदिनाच्या रविवारी अबुंदियो मार्तिनेस यांची पिकअप गाडी सुरू झाली नाही, आणि त्यामुळे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा आपल्या मुलाच्या जीपमध्ये बसावं लागलं.

जीप तशी त्यांचीच होती. चाळीस वर्षं त्यांनी तिच्यातून डोंगरावरची लाकडं आणली होती, शिकार केलेलं एल्क हरीण आणलं होतं, एकदा तर बायको रफाएलिताला बाळंतपणासाठी बर्फातून खाली आणलं होतं. ती ज्या वाटेने गेली नाही अशी वाट एस्पान्योलाच्या खोऱ्यात नव्हती. मग गुडघे गेले, म्हणून त्यांनी ती एलॉयला दिली. एलॉयने चार वर्षं खपून तिचं सोनं केलं, निदान त्याचं तरी तसं मत होतं. बंद टपाची ती दांडगी जीप त्याने जमिनीला टेकेल इतकी खाली आणली. चाकांशी तेलाचे पंप बसवले. बटण दाबलं की गाडी उठायची, दाबलं की बसायची. आत लाल मखमल, जांभळट काचा, टपावर ग्वादालुपेच्या मातेचं चित्र, आणि सगळ्या अंगाला पिकलेल्या आलुबुखारासारखा रंग. दर रविवारी संध्याकाळी तो मोठ्या रस्त्यावरून चालण्याच्या वेगाने या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा आणि परत यायचा. कुठे पोचायचं नसायचं. दिसायचं असायचं.

गाडी पहिल्यांदा दाखवली त्या दिवशी अबुंदियोंनी तिच्याभोवती एक फेरी मारली, मागचं दार उघडून आत पाहिलं आणि विचारलं, "लाकडं कुठे ठेवायची?"

त्यानंतर सहा वर्षांत त्यांनी एलॉयपाशी जीपबद्दल एक शब्द काढला नव्हता.

एलॉयचं वय सत्तेचाळीस. तो दातांच्या कवळ्या बनवायचा. वडिलांची कवळी त्यानेच केली होती, आणि खोऱ्यात तितकी बेमालूम कवळी दुसरी नव्हती. तिच्याबद्दल वडिलांचा अभिप्राय होता, "चावता येतं." वडिलांच्या तोंडून याहून मोठी स्तुती कुणी ऐकली नव्हती, हे एलॉयला ठाऊक होतं. तरी जीपबद्दल किमान एवढं तरी ऐकावं अशी त्याची इच्छा होती. 'चालते' म्हणाले असते तरी चाललं असतं. मोठ्या रस्त्यावर अनोळखी लोक हात करायचे. टायरच्या दुकानासमोर दर रविवारी खुर्ची टाकून बसणारा त्याचा धर्मपिता फिदेन्सियो तर उठून टोपी हलवायचा. शेजारच्या खुर्चीतला कुणी वाचनवेडा माणूस मात्र वर्तमानपत्रातून कधी डोकं वर काढायचा नाही. एलॉय घरी यायचा तेव्हा त्याला आठवायचा तो नेमका न पाहणाराच.

तर मातृदिनाला रफाएलिताच्या थडग्यावर फुलं वाहायला जायचं होतं. स्मशान वर, लोमा आल्ता गावाच्या टोकाला. पिकअप बंद असल्याने अबुंदियोंची सकाळची प्रार्थनाही चुकली होती. ते जीपमध्ये बसले आणि फुलांचं चक्र समोरच्या काचेपाशी ठेवलं. टप आता डोक्याला लागत असल्यामुळे त्यांनी टोपीही काढून चक्राशेजारी ठेवली. अबुंदियो चारचौघांत टोपी काढत नसत. ते झोपतात तेव्हा तरी काढतात का, याबद्दल गावात दोन मतं होती.

"काच खाली घेतो," चढ लागल्यावर ते म्हणाले. "आत अत्तराच्या दुकानासारखा वास येतोय."

"अपा, ते बटण नव्हे..."

बटण खुर्चीचं होतं. खुर्ची सावकाश, रुबाबात मागे गेली आणि पूर्ण आडवी झाली. अबुंदियोंनी ते दाबूनच धरल्याने कुठेतरी चर्र झालं, जळका वास आला आणि त्याच तारेवर असलेल्या पंपांनी मान टाकली. जीप मांडी घालावी तशी खाली बसली. तिच्या पोटाखालून मांजर जाऊ शकलं असतं, पण उपाशी मांजर. इंजिन सोडून सगळं बंद पडलं, फक्त चारी कोपऱ्यांतले पिवळे दिवे लुकलुकायला लागले, आणि ते काही केल्या बंद होईनात.

"थांबू?" एलॉयने विचारलं.

"चढावर थांबलास तर पुन्हा निघणार नाही," वडील आडव्या अवस्थेतून म्हणाले. या जीपबद्दल त्यांना अजूनही सगळं माहीत होतं. "चालू दे हळूहळू. आणि माझ्या डोळ्यांवर ऊन येतंय." त्यांनी चेहऱ्यावर रुमाल टाकला, हात पोटावर ठेवले, आणि ती खुर्ची मखमली असल्यामुळे म्हणा किंवा वय झाल्यामुळे म्हणा, पाच मिनिटांत त्यांना झोप लागली.

एलॉय चालत्या माणसाच्या गतीने चढत राहिला. वसंतात झाडांचे पराग उडायला लागले की त्याच्या डोळ्यांतून धारा लागत. त्या दिवशीही लागल्या होत्या.

आता त्या खोऱ्यात सजवलेली बुटकी गाडी पिवळे दिवे लावून, फुलं घेऊन, पावलापावलाने स्मशानाच्या रस्त्याला लागली, की तिचा एकच अर्थ होतो. पहिली समोरून आलेली गाडी बाजूला थांबली आणि चालवणाऱ्याने टोपी काढली. दुसरीने वळून जीपच्या मागे जागा घेतली आणि दिवे लावले. एलॉयला वाटलं, आज लोक फार समजूतदार झालेत. पोलिसाची गाडी पुढे आली, चालकाने गंभीरपणे हात केला आणि लाल-निळे दिवे फिरवत वाट मोकळी करून द्यायला लागला, तेव्हा तर त्याला गहिवरून आलं. नादुरुस्त गाडीला इतकी मदत!

ज्यांना शंका होती त्यांच्यासाठी पुरावे होते. अबुंदियो सकाळी चर्चमध्ये दिसले नव्हते. जीप त्यांची होती. मुलगा रडत होता. आणि काचेपाशी त्यांची टोपी होती, जिच्याखाली अबुंदियो नव्हते. यापुढे शंका घेणं खोऱ्यात असभ्यपणाचं ठरलं असतं. मागच्या गाड्यांमधून फोन गेले. फोन ज्यांना गेले त्यांनी मयताच्या घरी न्यायला राजमा शिजत घातला.

गावाच्या तोंडाशी दोन्या उर्सुलिता या म्हाताऱ्या शेजारीणबाई कुंपणाशी उभ्या होत्या. त्या जीपच्या बरोबरीने चालू लागल्या. चालण्यात त्या जीपपेक्षा किंचित पुढेच होत्या. त्यांनी खिडकीतून एलॉयच्या खांद्यावर हात ठेवला, क्रूसाची खूण केली, आणि तेव्हा कुठे एलॉयच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने आरशात पाहिलं. मागे वळणापर्यंत गाड्या होत्या, आणि वळणापलीकडेही असाव्यात.

"दोन्या उर्सुलिता, तसं नाहीये हो," तो म्हणाला. "ते गेलेले नाहीत."

"नाहीच जात रे, बाळा," त्या मायेने म्हणाल्या. "आमचे हे जाऊन नऊ वर्षं झाली. अजून स्वयंपाकघरात मध्येमध्ये असतात."

"अहो, ते झोपलेत फक्त."

"तसंच समज. बरं असतं ते."

वडिलांना हलवून उठवावं, तर हात स्टिअरिंगवरून काढणं शक्य नव्हतं. थांबावं, तर जीप निघणार नव्हती. वर पोचल्यावर सगळ्यांना एकदम सांगू, असा त्याने विचार केला. एकेकाला सांगून आजवर या खोऱ्यात कुणाचं समाधान झालेलं नव्हतं.

स्मशानाच्या फाटकात गुरं आत शिरू नयेत म्हणून जमिनीत लोखंडी नळ्या आडव्या टाकलेल्या आहेत. याच नळ्यांवरून ही जीप एके काळी घोड्यासारखी जायची. आज तिचं पोट पहिल्या नळीवर टेकलं, आणि ती थांबली.

मागे दारं लागल्याचे आवाज येत राहिले, बराच वेळ. लोक आले आणि जीपभोवती उभे राहिले. जांभळट काचेतून आत आडवी आकृती आणि चेहऱ्यावरचा रुमाल तेवढा दिसत होता. शवपेटी नव्हती, पण अबुंदियोंनी शवपेटीला आयत्या वेळी नकार दिला असणार, असं पाहणाऱ्याला सहज वाटावं असाच त्यांचा स्वभाव होता.

एलॉय उतरला. "ऐका जरा..." त्याने सुरुवात केली.

"तू नंतर बोल, पोरा," फिदेन्सियो पुढे येत म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. अबुंदियोंशी त्याची साठ वर्षांची दोस्ती. त्याने जीपच्या बॉनेटवर हात ठेवला. "आधी मला बोलू दे. तुला एक सांगायचं राहिलंय. त्याने शपथ घातली होती, पण आता ती सुटली."

एलॉयने तोंड उघडलं. आत वडील जिवंत होते, हे सांगायला चार शब्द लागले असते.

"तुझा बाप," फिदेन्सियो म्हणाला, "दर रविवारी मला टायरच्या दुकानासमोर घेऊन बसायचा. खुर्ची घरून आणायचा. तू येताना दिसलास की वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचा. वर्तमानपत्राला त्याने भोक पाडलं होतं."

एलॉयने तोंड मिटलं.

"मी म्हणायचो, अरे, दुपारी पोराच्या घरी जाऊनच बघू, इथे गर्दी असते. तर म्हणायचा, नाही, दुपारी तो रंग दिसत नाही. ऊन तिरपं झालं की बघ. आतून पेटल्यासारखा होतो, म्हणायचा. पोराने थरावर थर चढवलेत, प्रत्येक थर वाळायला आठवडा दिलाय. एवढा धीर मला नव्हता, म्हणायचा. मी लाकडं आणली, त्याने हे केलं." फिदेन्सियोने नाक पुसलं. "टायरवाल्याला पाठ झालंय ते सगळं. नवीन गिऱ्हाईक आलं की तुझा बाप त्यालाही सांगायचा."

एलॉयचे डोळे वाहत होते, आणि या वेळी पराग निर्दोष होते. खरं सांगून टाकणं आपलं कर्तव्य आहे, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. पण फिदेन्सियो आणखी काही बोलेल का, याची तो वाट पाहत राहिला. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाला हे शोभत नव्हतं.

"फिदेन्सियो," जीपच्या आतून आवाज आला.

फिदेन्सियोचा बॉनेटवरचा हात तिथेच राहिला. दोन्या उर्सुलिता जवळच्या थडग्यावर टेकल्या. पोलिसाने काढलेली टोपी घातली, मग काढली, मग हातातच धरली.

"सगळंच सांगतोयस," आवाज म्हणाला, "तर माझी करवत तुझ्याकडे कधीपासून आहे तेही सांग."

अबुंदियोंना खुर्चीतून उपसून काढायला दोघे लागले. उभं राहिल्यावर त्यांनी आधी टोपी घातली आणि मग गर्दीकडे पाहिलं. ते कधी जागे झाले होते, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. एलॉयचीही नाही. बापलेक एकमेकांकडे सोडून सगळीकडे पाहत होते.

एवढी माणसं आली आहेत तर रिकामी कशाला जायची, म्हणून फाटकाशी जमलेले सगळेच रफाएलिताच्या थडग्यापाशी गेले. तिच्या दफनालासुद्धा इतकी गर्दी नव्हती. अबुंदियोंनी चक्र ठेवलं, वाकडं झालं होतं ते सरळ केलं आणि हलक्या आवाजात तिला काहीतरी सांगितलं. ते काय होतं, याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. मग खांदा द्यायला आलेल्या मंडळींनी जीपला खांदा दिला आणि ती उचलून नळीवरून मागे घेतली.

परतीला खुर्ची आडवीच होती. अबुंदियो मागच्या मखमलीवर बसले, जिथे लाकडं ठेवता आली नसती तिथे. पिवळे दिवे लुकलुकत होते. मागच्या गाड्यांपर्यंत बातमी पोचलेली नव्हती, त्यामुळे वळणापलीकडचे लोक अजून टोप्या काढून उभे होते. अबुंदियो जाताना प्रत्येकाला मान डोलवून उत्तर देत होते. त्यातल्या दोघांनी घाईघाईने क्रूसाची खूण केली.

घराकडचा फाटा आला. घरी एव्हाना शेजारपाजारच्या बायका राजम्याची पातेली घेऊन हजर झाल्या असणार होत्या. एलॉय वळणार, तोच मागून आवाज आला.

"इकडे नको. मोठ्या रस्त्याने घे."

"अपा, गाडी जमिनीला लागलीय. या वेगाने मोठ्या रस्त्यावर पोचायला तास लागेल."

"माहीत आहे," अबुंदियो म्हणाले. त्यांनी जांभळट काचेतून आभाळाकडे पाहिलं. "तोपर्यंत ऊन तिरपं होईल."