माइकची कानटोपी

सासऱ्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त त्यांचं मनोगत माझ्या कॅमेऱ्यावर टिपायचं ठरलं (ठरवलं मीच). जागा गच्ची, त्यांच्या लाडक्या कुंड्यांसमोर. ते मनापासून बोलले. नंतर लावून पाहिलं, तर नुसताच घोंघावणारा वारा!

"जावईबापू, वारा फार छान बोललाय," सासरे म्हणाले.

हे मला भलतंच झोंबलं. लग्नाच्या वेळी त्यांनी मुलीला 'अजून एकदा विचार कर' म्हटलं होतं, ते मी विसरलेलो नाही. रविवारी पुन्हा शूटिंग करायचं, सगळ्या नातेवाइकांना दाखवायचं आणि सासऱ्यांकडून एकदा तरी शाबासकी मिळवायचीच, असा मी चंग बांधला.

"माइकचं कव्हर विकत मिळतं," बायको म्हणाली.

"विकत काय, कोणीही आणेल!"

आधी मोजा चढवला (धुतलेला होता, असं माझं मत). वारा बधला नाही. मग भांडी घासायचा स्पंज. तोही फुकट. मग कळलं, लांब केसांचं कापड हवं. घर पालथं घातलं, तेव्हा शिवणाच्या टोपलीत एक जुनाट, केसाळ चिंधी सापडली. कापली, शिवली (सोबत माझं बोटही), रबरबँड लावला आणि माइक टेबलफॅनसमोर धरला. वारा चिडीचूप! मी खोलीत एकटाच नाचलो.

रविवारी सासरे गच्चीवर आले ते कानांना रुमाल बांधून. "माझी कानटोपी कुठे गेली कोण जाणे. बंद शिवायला हिच्याकडे दिली होती."

बायकोने माइककडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी घाईघाईने कॅमेरा सुरू केला.

सासऱ्यांनीही माइक निरखला. "हे अगदी माझ्या टोपीसारखं दिसतंय."

"हल्ली सगळा माल एकसारखाच येतो, बाबा. तुम्ही बोला."

ते बोलू लागले. बायको माझ्या कानाशी आली. "अहो, बाबांची टोपी आहे ती! सांगून टाका."

"गप्प बस," मी पुटपुटलो. "त्यांना काय कळतंय? नवी आणू आणि म्हणू, हीच ती!"

संध्याकाळी दिवाणखाना नातेवाइकांनी भरला. टीव्हीवर सासरे झळकले. वाऱ्याचा मागमूस नाही! त्यांचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. आणि माइकच्या मागे उभं राहून पुटपुटणाऱ्याचा तर त्याहून जास्त.

सासरे उठले, माझ्याजवळ आले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझी पाठ थोपटली.

"जावईबापू, आवाज मात्र अगदी स्वच्छ आलाय."