बेसूर डाविड आणि बावीस शहामृगं

"हे बघ डाविड," गायकवृंद चालवणाऱ्या सार्लिन मावशींनी बजावलं, "आज ईस्टर म्हणून गायकवृंदात उभा राहा, पण नुसते ओठ हलव. आवाज आला की पुन्हा मागच्या बाकावर."

डाविड हार्टनिकने मुकाट मान डोलावली. दक्षिण आफ्रिकेतल्या आऊट्सहूर्नजवळच्या त्या छोट्या चर्चच्या गायकवृंदातून त्याला काढून सहा वर्षं झाली होती, पण वेड काही सुटलं नव्हतं. देवाचं गाणं गायचं ते पोटातून. माणसं ऐकेनात, म्हणून तो शहामृगांच्या पिल्लांपुढे गायचा. एकटी पडली की ती दाणा सोडतात. डाविडच्या पिल्लांनी कधी सोडला नाही. गाणं ऐकत खायची, त्याच्यामागे हिंडायची आणि वर्षभरात त्याच्याहून उंच व्हायची. यंदाची बावीस उद्या खाटीकखान्याच्या ट्रकमध्ये चढायची होती. अंगावर ओरखडा दिसला तर माल परत, असं खरेदीदाराने सांगून ठेवलं होतं.

ईस्टरची उपासना रंगली. दोन कडवी डाविडचे ओठ इमानाने हलले. गीताच्या तिसऱ्या कडव्यात येशूच्या कबरीवरची धोंड सरकली आणि डाविडचाही धीर सुटला. डोळे मिटून त्याने असा सूर लावला, की ऑर्गनवाल्याची बोटं थबकली. खिडक्या सताड उघड्या होत्या, वारा शेताकडे वाहत होता.

"अहो," थोड्या वेळाने बायको लेना बाकावरून कुजबुजली, "दाराकडे बघा."

दारात बावीस लांब माना उभ्या होत्या. कुंपणाचं फाटक छातीने ढकलून मंडळी उपासनेला आली होती.

"हाकला त्यांना," मावशी म्हणाल्या.

"नको हो, बिथरली तर तारेत घुसतील. उद्या ट्रक आहे," लेना रडवेली झाली.

"मग मी गाऊन नेते." मावशी बाहेर जाऊन मधुर, अगदी अचूक गायल्या. पक्ष्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. एकाने तेवढं त्यांच्या टोपीवरचं चकचकीत बटण गिळलं.

"डाविड, बाबा, तूच गा," चर्चचे पाळकसाहेब म्हणाले.

डाविडने मावशींकडे पाहिलं.

"गा," मावशी दुसरीकडे बघत म्हणाल्या.

पुढे डाविड, मागे शहामृगं, त्यांच्यामागे झाडून सगळी मंडळी. लोक साथीला बरोबर सुरात गायले की पक्षी थांबून मागे वळत.

"मावशी, जरा माझ्या सुरात घ्या ना," डाविड म्हणाला.

तीन किलोमीटर, अकरा गीतं. सगळी मंडळी त्याच्या सुरात गायली. पक्षी फाटकात शिरले तेव्हा एकाच्याही अंगावर ओरखडा नव्हता. सोमवारी डोळे झाकायला डोक्यावर मोजे चढवल्यावर ते शांतपणे ट्रकमध्ये चढले. डाविड शेवटपर्यंत हळू आवाजात गात होता.

पुढच्या रविवारी तो आपणहून मागच्या बाकावर बसला, तोंड मिटून. ऑर्गनने सूर दिला आणि सगळं चर्च एकदिलाने बेसूर गाऊ लागलं. मावशी दचकून थांबल्या. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच.

शेवटी त्या मागे वळल्या.

"डाविड, पुढे ये आणि सूर धर बाबा. तुझ्यावाचून आमचा हलतोय."