पॅनेलांवर चुन्याचा हात

मे महिना लागला तसा मानूसोसने चुना भिजवला. येरापेत्रा गावात ऊन तापलं की आत गारवा राहावा म्हणून टोमॅटोच्या पॉलिहाऊसवर चुना फवारायचा, हे त्याने उभा जन्म केलं होतं. पॉलिहाऊसं आता विकली होती, पण हात स्वस्थ बसत नव्हते. त्यात मुलीने, आर्गिरोने, अथेन्सहून फोनवर सांगितलं होतं की छतावरचे सोलर पॅनेल फार तापले की वीज कमी देतात, जरा निगा राखा. तापलेल्या छपराची निगा मानूसोसला कोणी शिकवायला नको होती. सगळ्या पॅनेलांना चुन्याचा दाट हात देऊन तो खाली आला आणि समाधानाने कॉफी प्यायला.

मग भिंतीवरच्या विजेच्या मीटरवर शून्य दिसलं. हे शून्य अथेन्समध्ये आर्गिरोच्या मोबाइलवरही दिसत असणार. आई गेल्यापासून तिचा एकच धोशा होता, तुम्हाला एकट्याला जमत नाही, माझ्याकडे चला. चौथा मजला, ना अंगण, ना ओळखीचं कुत्रं. तिथे जाण्यापेक्षा त्याला मरण परवडलं असतं. तो चुना उतरवायला व्हिनेगरचा कॅन घेऊन पुन्हा छतावर चढला, आणि स्वयंपाकघरात फोन वाजून वाजून थकला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आर्गिरो दारात.

"मला वाटलं, तुम्ही गेलात."

"छतावर गेलो होतो."

तिने वर नजर टाकली. अर्धे पॅनेल अजून पांढरेफटक होते.

"बाबा, बॅग भरा."

"ते पुसून भरतो. अशी घाण टाकून नाही जायचं."

"तुम्ही शिडीला हात लावायचा नाही."

रागाच्या भरात ती स्वतःच चढली आणि दुपारपर्यंत एकेक पॅनेल लखलखीत केला. मीटर पळू लागला. मानूसोसने बॅग काढली, बायकोचा फोटो शर्टात गुंडाळला. तेवढ्यात वरून बारीक आवाज आला.

"बाबा, मला उतरता येत नाहीये."

तो शिडीवर चढला, तिचा घोटा धरला आणि एकेक पाय पायरीवर ठेवत गेला.

"खाली नको बघू, पोरी. भिंतीकडे बघ. आता डावा."

"सोडू नका."

"सोडतोय कुठे."

जमिनीवर आल्यावरही तिने त्याची बाही सोडली नाही. मानूसोसने जड मनाने विचारलं, "बॅग गाडीत ठेवू?"

"राहू द्या," ती म्हणाली. "मीच थांबते दोन दिवस. हा थरकाप जाऊ दे आधी."