खारूताईच्या स्कीचं मागचं टोक

"या डोंगरावर स्कीमधलं माझ्याइतकं कुणाला कळत असेल, तर त्याला माझ्यासमोर आणा!" सुतारआजोबांनी सकाळीच जाहीर केलं.

तरुणपणी त्यांनी याच उतारावर हवेत पाय फाकवून उड्या मारल्या होत्या, गाण्याच्या तालावर बर्फात गिरक्या घेतल्या होत्या. हे किस्से आजींना इतके पाठ होते, की आजोबा अडले तर त्या स्वयंपाकघरातून पुढचं वाक्य पुरवायच्या.

आज नातीची पहिलीच स्पर्धा होती. तिला घरात सगळे खारूताई म्हणत, कारण ती दारातून आतसुद्धा उडी मारूनच यायची. नव्याकोऱ्या स्की तिने आजोबांच्या सुतारकामाच्या खोलीत आणून ठेवल्या होत्या. "आजोबा, कडांना फक्त धार लावा हं!"

धार लावून झाली. आजोबांनी एक स्की डोळ्यांसमोर आडवी धरली आणि त्यांच्या भुवया थेट टोपीला जाऊन भिडल्या. पुढचं टोक वर वळलेलं, ते ठीक. पण मागचंही वर वळलेलं!

"अगं, ऐकलंस का? पोरीला दुकानदाराने फसवलं! स्की मागून वाकलीय!"

"अहो, तिला विचारा तरी आधी."

"विचारायचं काय त्यात? मला डोळे आहेत!"

आजींनी नाद सोडला. आजोबांनी टोक दाबून पाहिलं, त्यावर वजन ठेवून पाहिलं. टोक जसंच्या तसं! शेवटी त्यांनी करवत काढली, ते अगदी सफाईने कापलं आणि पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केलं. दुसऱ्या स्कीला करवत लावणार, तोच दारातून उडी आली.

"आजोबा! हे काय केलंत?"

"दुरुस्ती!"

"अहो, ते टोक मुद्दाम तसं असतं! मी उलटी निघते, उलटी उतरते, पाठ पुढे करून! टोक नसेल तर स्की बर्फात रुतेल ना!"

"उलटी?" आजोबा हसले. "आमच्या वेळी कुणी उलटा उतरला, की आम्ही स्ट्रेचर घेऊन धावायचो!"

पण त्यांच्याशिवाय कुणीच हसलं नाही. खारूताई भुशातच बसली आणि मुसमुसू लागली. स्पर्धेला दीड तास उरला होता. आजोबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कापलेलं टोक खिशात, नात हाताशी, अशी त्यांनी तिला स्की शिकवणाऱ्या कोचबाईंची खोली गाठली.

"बाई, सगळी चूक माझी. पोरीला बोलू नका. तिला कुणाच्या तरी स्की मिळवून द्या!"

बाईंनी ते टोक पाहिलं, मग आजोबांचा पडलेला चेहरा पाहिला. "माझी जोडी न्या. पण वीतभर लांब पडेल."

"त्यात काय, मी आत्ता दोन मिनिटांत..."

"आजोबा!!" दोघी एकदम ओरडल्या.

मग त्यांनी निमूटपणे फक्त बूट अडकवायचा खटका नातीच्या मापाचा करून दिला. तोही प्रत्येक स्क्रूला "हा फिरवू ना?" असं विचारत!

स्पर्धेत खारूताई खरंच पाठ पुढे करून उतारावरून आली. आजोबांनी आजींचा हात घट्ट धरला. पोर उडाली, हवेत दोनदा गर्रकन फिरली आणि पुन्हा पाठमोरीच बर्फावर टेकली. जराशी डगमगली, पण पडली नाही!

आजोबांचे डोळे भरून आले. "अगं, आम्ही नुसते पाय फाकवले तरी लोक टाळ्या वाजवायचे. ही पोरं तर मागे न बघता उडतात! केवढा पुढे गेला गं हा खेळ! आणि मी आपला माझेच किस्से सांगत बसलो."

हे वाक्य मात्र आजींनी पहिल्यांदाच ऐकलं.

खारूताईचा तिसरा नंबर आला. घरी आल्यावर आजोबांनी चष्मा लावला आणि तिचा छोटासा कप हातात घेऊन चहूबाजूंनी निरखायला सुरुवात केली. आजी लगबगीने आल्या, त्यांनी कप काढून घेतला आणि सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला.

"अहो, त्याला दोन्हीकडे कान आहेत. ते तसेच असतात!"