नऊ घरचा अर्धा कप

आमच्या गल्लीतले शिवलिंगअण्णा चहा अर्धा कपच घ्यायचे. पण नऊ घरी.

"अर्धा म्हंजे काय पिणं असतंय व्हय?" असं म्हणत कप पुढं करायचे. साखर मात्र पूर्ण कपाची लागायची. वर बशीत खारी.

गेल्या महिन्यात सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन आमच्याकडं आले. आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेला मी पहिलाच. त्यामुळं गल्लीतले रिपोर्ट मीच वाचतो, आणि मला त्याचा अभिमान आहे.

"अण्णा, लिव्हरवर चरबी आहे."

"गळ्यात इष्टलिंग हाय माझ्या! जन्मात थेंबाला शिवलो न्हाई. दारुड्याचा रोग मला?"

"दारू न पिणाऱ्यालाही होतो. साखर, मैदा, तळलेलं, दिवसभर बसणं. आत्ताच आवरलं तर उतरंल."

मग डॉक्टरांनी रिपोर्ट बघून गोड चहा बंद सांगितला. भाकरी, पालेभाजी, रोज चालणं. बिनसाखरेची काळी कॉफी चालेल म्हणाले. अण्णांनी त्यातलं 'कॉफी' तेवढं उचललं आणि आठवडाभर दूध आटवून, तीन चमचे साखर घालून प्याले.

"डॉक्टरनंच सांगितलंय की!"

मी समोर बसवून काळी कॉफी पाजली.

"यप्पा! डांबर हाय हे."

"औषध म्हणून नाही, चहाऐवजी घ्या. चहासुद्धा बिनसाखरेचा चालेल. गोड मात्र बंद." मग मीच नऊ घरी सांगून आलो, अण्णांना चहा विचारू नका. मोठं काम केल्यासारखं वाटलं.

त्यानंतर चार दिवस अण्णा कुणाकडंच फिरकले नाहीत. मी गेलो, तर दार उघडं टाकून पंख्याखाली एकटेच बसलेले. काकू जाऊन दोन वर्षं झाली. पोरगा पुण्याला.

"अण्णा, आला नाहीत?"

"चहा न्हाई, तर काय म्हणून यायचं रं? नुसतंच कुणाच्या दारात जाऊन बसायचं?"

घरी येऊन आईला सांगितलं. आई चौथी शिकलेली. तिनं दारातूनच हाक मारली, "अवो अण्णा, मेथी आणलीय, निवडायला कुणी न्हाई. येताव का जरा?"

अण्णा सदरा घालून आले. एका जुडीला दीड तास लावला. एकेक पान उन्हाकडं धरून बघत होते. आईनं हळूच दुसरी जुडी पुढं सरकवली.