बिनचिठ्ठीचा बीकर

प्रयोगशाळेत त्या शास्त्रज्ञाला सगळे गोगलगाय म्हणत आणि तोही निमूट ओ देई. काचसामान सांभाळणाऱ्या मॅडमना लग्नाचं विचारायला तो तीन वर्षं त्यांच्या खोलीत जात होता आणि दर वेळी एक परीक्षानळी मागून परत येत होता. आज मॅडमची बदली होती. न्यायला गाडी आली की खेळ खलास.

शेवटी त्यानं भीड मोडणारं औषध तयार केलं. उंदरांवर ते लागू पडलं होतं. एकानं तर साहेबांच्या बोटाचा कडकडून चावा घेतला होता. अर्धं औषध त्यानं डोळे मिटून घशाखाली घातलं. उरलेलं, लागलंच तर असावं म्हणून, बीकरमध्ये घेऊन तो मॅडमच्या खोलीकडे निघाला.

वाटेत साहेबच आडवे आले. "काय गोगलगाय, कुठे दौरा?"

"साहेब, उंदीर चावला ते बरंच झालं," तो म्हणाला, आणि इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं त्यानं तिथेच ओकलं. पण ते ओकता ओकता औषधही उतरलं. मॅडमच्या टेबलावर बीकर ठेवताना त्याची जीभ पुन्हा टाळ्याला चिकटली. तेवढ्यात साहेबांची गर्जना ऐकू आली आणि त्याला माफी मागायला पळावं लागलं.

तो परतला तेव्हा बीकर रिकामा होता. इथे कप टिकत नसत, म्हणून सगळे चहा बीकरमधूनच पीत. औषधाचा रंगही नेमका चहासारखा होता.

मॅडम कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "लग्न करायचंय की नुसत्या नळ्याच जमवायच्यात?"

हेच ऐकायला त्याचे कान आसुसले होते. पण असल्या होकारावर संसार मांडणं त्याच्या मनाला पटेना.

"मॅडम, हे तुम्ही नाही, औषध बोलतंय," तो कसाबसा म्हणाला. "उतरलं की पस्तावाल. मी थांबतो."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

"कसलं औषध?"

"त्या बीकरमधलं."

"त्याच्यावर चिठ्ठी होती?"

"नव्हती."

"बिनचिठ्ठीचं दिसलं की मी मोरीत ओतते. तीन वर्षं येताय, एवढंही ठाऊक नाही?"

तो मटकन स्टुलावर बसला. "म्हणजे मघाशी तुम्हीच बोललात?"

"मग काय मोरी बोलली? हो की नाही, सांगा. गाडी थांबलीय."

त्यानं मान हलवली.

"तोंडानं."

"हो," गोगलगाय म्हणाली.