दशहरीचा मार

चंद्रहास सबनीसांच्या परसात दशहरीची सहा झाडं होती, सहाही लगडलेली, आणि त्यांवरचा एकही आंबा सबनीसांचा नव्हता.

मोहोर आला तेव्हाच त्यांनी सगळी बहार मलिहाबादच्या नब्बन मियाँना ठेक्यानं देऊन टाकली होती. तिकडची रीतच तशी. मग आंबे उतरेपर्यंत झाडावरचं आणि झाडाखालचं सगळं ठेकेदाराचं. मालकानं फक्त सावलीत बसायचं. एअरफोर्समधून रिटायर होऊन तिकडेच सरोजिनी नगरात घर बांधलेल्या सबनीसांना हे मंजूर होतं. पण चौऱ्याण्णवच्या जूनमध्ये रत्नागिरीहून मेहुण्याचं पत्र आलं. "रविवारी पोचतो. घरच्या दशहरीची बढाई चार वर्षं ऐकतोय. एकदा चाखवाच. नरहर."

"बाजारातून आणा चार किलो," त्यांच्या पत्नी हेमाताई म्हणाल्या.

"अगं, हापूसवाला माणूस तो! देठ बघून झाड ओळखतो."

"मग मियाँकडे मागा."

"स्वतःच्या झाडाचा आंबा मागू? हट्!"

मेसमध्ये भल्याभल्यांना टोप्या घातलेल्या माणसाला एक ठेकेदार म्हणजे काय! फक्त निमित्त हवं होतं. ते शुक्रवारी दुपारी वरून पडलं. अशी आँधी सुटली की आंब्यांचा सडा पडला, आणि एक आंबा राणी नावाच्या कोंबडीच्या पायावर बसला. सबनीसांनी हळद लावली, आइस्क्रीमच्या काडीचा आधार देऊन पट्टी बांधली. बांधता बांधता ते स्वतःशीच हसायला लागले.

नब्बन मियाँ पडलेले आंबे वेचायला आले.

"मियाँ, गिरा हुआ आम किसका?"

"हमारा, साहब. बात हुई थी."

"तो आपके आम ने हमारी मुर्गी की टाँग तोड़ दी!"

मियाँनी राणीकडे पाहिलं. "तौबा! कितनी ज़ख़्मी हैं?"

सबनीस 'एक' म्हणणार होते. पण समोरच्यानं 'कितनी' विचारल्यावर एकावर थांबणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"पाँच."

"अफ़सोस. एक मरीज़ के नाम एक टोकरी, पके हुए आम की. इतवार को मिज़ाजपुर्सी के लिए हाज़िर होता हूँ."

मियाँ आजाऱ्यांची विचारपूस करायला येणार, म्हणजे आता चार धडधाकट कोंबड्या आजारी पाडायच्या होत्या. रविवारी सकाळी उशीच्या खोळीच्या पट्ट्या फाडून नवरा-बायको परसभर धावत होते.

"हिला डोक्याला बांधा! पायाला बांधली तरी पळतेय मेली!"

"तू पंख धर ना नीट!"

"अहो, ही माझी नवी खोळ होती!"

दहा वाजता सायकल रिक्षातून पाच टोकऱ्या उतरल्या. मागून कडक इस्त्रीचा कुर्ता घातलेले मियाँ. खाटेवर बसून त्यांनी एकेका मरीज़ची अदबीनं चौकशी केली, तीही डोक्याला पट्टी बांधलेलीची जरा जास्तच वेळ. सबनीसांनी टोकरीत हात घातला. मियाँनी तो अलगद बाजूला केला.

"ये तो मरीज़ों का है, साहब. आपको कहीं चोट लगी है?"

"नहीं, लेकिन..."

"अल्लाह का शुक्र है."

मग मियाँनी चाकू काढला, चार आंबे सोलले आणि फाका कापून कोंबड्यांपुढे ठेवल्या. केशरी रस जमिनीवर ओघळला. सबनीस त्या रसाकडे बघत होते, तेवढ्यात फाटक वाजलं. हापूसची पेटी घेऊन नरहर उभा!

"चंद्रहासराव, हे काय?"

सबनीसांनी हसून हात झटकला. "काही नाही रे. कोंबड्यांचा नाश्ता."

"दशहरी घालता त्यांना?"

"घरचीच आहे. माणसं खाऊन खाऊन किती खाणार!"

नरहर पेटीवरच बसला. "आमच्याकडे पोरांनासुद्धा मोजून देतो हो आम्ही," तो पडेल आवाजात म्हणाला. सबनीसांना अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं.

हेमाताईंनी हापूस कापून आधी मियाँपुढे धरला. मियाँनी डोळे मिटून बराच वेळ चघळला.

"अच्छा है. हल्का है. मरीज़ को दे सकते हैं."

आणि त्यांनी एक फाक अंगणात टाकली. चार कोंबड्या तिच्यावर अशा तुटून पडल्या की पाठीमागे पट्ट्या सुटत, लोळत आल्या. डोक्याची पट्टी नरहरच्या बुटाला अडकली.

"सुभानअल्लाह!" मियाँ उठले. "आपके आम में तो शिफ़ा है, जनाब. चारों अच्छी हो गईं!"

आपल्या हापूसला औषधाचा गुण आहे हे ऐकून नरहरची छाती फुगली. मियाँनी मात्र चार टोकऱ्या रिक्षात चढवल्या. पाचवीत आंब्यांवर गवत टाकून राणीला बसवलं.

"चोट इसी को लगी है. हमारी बेगम हड्डी बिठाना जानती हैं. आठ दिन में चलती हुई लौटा देंगे."

रिक्षा गेली. राहिल्या चार कोया, त्याही टोचलेल्या. हेमाताईंनी भावाला सगळं सांगून टाकलं. तो इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं.

मंगळवारी पुन्हा आँधी उठली. दारं आपटली, कोंबड्या खुराड्यात पळाल्या. सबनीसांनी खाट ओढत ओढत थेट झाडाखाली नेली, डोक्यावरची टोपी काढली आणि टक्कल वर करून शांत बसून राहिले.

थोड्या वेळानं नरहर आला.

"सरका जरा."